चौथ्या गिअरची हौस

वडिलांच्या जुन्या जीप पिकअपला तीनच गिअर. विलीज जीपच्या घराण्यातला टी-९० गिअरबॉक्स. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअरचा वेग जुळवून देणारी रिंग, नाही. त्यामुळं गाडी पुरती थांबल्याशिवाय तो टाकला, की अशी करकर, की सोलापुरातल्या सात रस्ता चौकातले सगळे रिक्षावाले वळून बघायचे. वडील डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, तो चालत्या गाडीत अलगद टाकतात. मला ते या जन्मी जमायचं नाही. त्यात आता दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटायला लागला. दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षा चार गिअरचा बॉक्सच बसवू म्हटलं.

"बसव की," वडील म्हणाले. "पैसं तुझं, पाठ मिस्त्रीची."

मिस्त्रींचं शेड अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अंगाला. वर पत्रा आणि महिना मे. पाना फडक्यात गुंडाळल्याशिवाय हातात धरवत नव्हता. मिस्त्री पोऱ्याशी तेलुगूत बोलायचे, भंगारवाल्याशी फोनवर कन्नडमध्ये. माझ्याशी तेवढं मराठी, आणि ते खर्च वाढला की मगच. "मालक, क्लच प्लेट पण गेली बघा." "मालक, क्रॉस बी खलास हाय." तेलुगू चालू असेपर्यंत मी निवांत चहा प्यायचो, 'मालक' ऐकलं, की खिसा चाचपायचो.

बॉक्स उतरवण्याआधी तेल काढलं. जुनं नव्वद नंबरचं गिअर ऑइल साबणाला दाद देत नाही. बायकोनं माझा शर्ट तारेच्या पार टोकाला, शेजाऱ्यांच्या हद्दीत वाळत घातला. घमेल्याच्या तळाशी काहीतरी चमकत होतं. मिस्त्रींनी बोटावर घेऊन उन्हात धरलं. "सोनं निघालं मालक!" पिवळाधमक चुरा. दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोची पितळी रिंग झिजून झिजून तिथं येऊन बसली होती.

उतरवणं सोपं होतं, चढवताना खरी गंमत. गिअरबॉक्सचा पुढचा दांडा क्लच प्लेटच्या खाचांत बसून थेट फ्लायव्हीलमधल्या बुशमध्ये शिरायला हवा, आणि हे सगळं गाडीखाली उताणं पडून, दिसत काही नसताना. बॉक्स दोन बोटं बाहेर अडला तो अडलाच. तोवर निम्मा अक्कलकोट रोड गोळा झाला. उसाच्या गाड्यावरचा म्हणाला, ग्रीस लावा. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं हातोडा आणला. एक आजोबा काही न बोलता नुसतीच मान हलवत होते. मला भीती त्यांचीच वाटली. बोल्ट आवळून ओढून घ्या, असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा मिस्त्री गाडीखालूनच गरजले, "कान तुटला हाउसिंगचा, तर तू देणार काय बे?" मग त्यांनी बॉक्स गिअरमध्ये टाकला, पुढचा दांडा फिरून खाचांत जुळावा म्हणून पोऱ्याला बॉक्सचा मागचा फ्लँज हातानं हळूच फिरवायला सांगितलं. टक्! बॉक्स आत. आजोबा मान हलवतच निघून गेले.

"मालक," मिस्त्री बाहेर येत म्हणाले. खिसा. नवा बॉक्स लांबीला जास्त, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापायला लेथवर. गिअरचा दांडा वीतभर मागं आला, म्हणून पत्र्याला नवं भोक. जुन्या भोकातून इंजिनाची सगळी गरम हवा चालवणाऱ्याच्या पायजम्यात. तिथं बायकोनं फाटक्या चादरीचा तुकडा कोंबलाय. नेमकं मोराचं तोंड वर आलंय.

ट्रायल अर्थातच वडिलांनी घेतली. तीन गिअरच्या बॉक्सला रिव्हर्स डावीकडं वर आणि पहिला त्याच्या खाली. चारवाल्यात डावीकडं वर पहिला. मी हे सांगत होतो, तोवर वडिलांनी मान मागं वळवून, आरशात बघून, रीतसर हॉर्न देऊन रिव्हर्स टाकला, आणि पिकअप ऐटीत पुढं जाऊन मिस्त्रींच्या पाण्याच्या पिंपावर आदळली. सोलापुरात आधीच नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. पिंप लवंडल्यावर मिस्त्री तिन्ही भाषांत बोलले.

आता वडील पहिल्यावरच सुटतात, पण तीन मोजले, की त्यांचे गिअर संपतात. मोकळ्या अक्कलकोट रोडला लागलो, तरी दांडा तिसऱ्यातच आणि इंजिनाचा टाहो पूर्वीपेक्षाही चढा.

"अप्पा, चौथा टाका की आता!"

"असू दे की बे. स्टेपनी काय रोज लावतो का आपण?"