कायमचा पत्रा

घरच्या घरी गाडी बांधतोय, असं इंग्लंडहून नातेवाइकांना कधी सांगू नये. सांगलीच्या आत्याने लगेच आवाज खाली आणून विचारलं, "नोकरी सुटली का रे?" मग म्हणाली, "तिकडे तयार मिळत नाहीत?" मिळतात की. कॉव्हेंट्रीसारख्या गाड्यांच्या गावात राहून गाडी मिळत नाही म्हणणं म्हणजे नाशकात राहून द्राक्षं मिळत नाहीत म्हणण्यासारखं आहे. मी स्वतः गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. पण हात काळे करण्याची हौस कीबोर्डवर भागत नाही, हे आत्याला फोनवर कसं पटवायचं?

या हौसेला इथे मोठी परंपरा आहे, आणि तिच्या मुळाशी कर वाचवण्याचा सात्त्विक विचार आहे. लोटस या मोटार कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली 'सेव्हन' ही गाडी आणली. तयार गाडीवर तेव्हा परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. अट एवढीच की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. म्हणून, असं सांगतात, सुट्या भागांच्या खोक्यात गाडी खोलण्याच्या सूचना असत आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचायच्या. १९७३ साली व्हॅट आला, सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. हौस मात्र राहिली. माझी गाडी त्याच कुळातली, पण लांबच्या भाऊबंदांपैकी. तिच्या पुस्तिकेतल्या सूचना सुलट छापल्या आहेत, असं निदान कंपनीचं म्हणणं आहे.

गाडी म्हणजे काय आलं, तर लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा आणि ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्यांचा गठ्ठा. नळ्यांवर पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे धातूच्या छोट्या मेखांनी, पक्के करायचे की झाली बॉडी. रिव्हेट मारणं मुळात अगदी सोपं आहे. भोकात घालायचं, रिव्हेट गनचे दांडे दाबायचे. आतला खिळा ओढला जातो, पलीकडचं टोक फुगतं, टक् करून खिळा तुटतो. संपलं. पलीकडे कुणी हातोडा धरून बसायला लागत नाही. अडचण फक्त एक : मारलेलं रिव्हेट मारलेलं राहतं. आणि 'बघू', 'सध्या असू दे', 'नंतर पक्कं करू' या तीन मंत्रांवर वाढलेल्या माणसाला हे झेपत नाही.

पुस्तिका या स्वभावाला खतपाणी घालते. मागच्या पत्र्याच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात : 'हा पत्रा कायमचा बसवण्यापूर्वी ब्रेकच्या नळ्यांचं पान पाहा.' त्या पानावर : 'नळ्या बसवण्यापूर्वी मधल्या टनेलचे (दोन सीटांमधल्या बोगद्याचे) पत्रे पाहा.' टनेलच्या पानावर : 'मागचा पत्रा बसवल्याची खात्री करा.' म्हणजे प्रत्येक पत्रा शेवटचा. सरकारी दाखले काढलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की इथे चहापाण्याने सुटणारी खिडकीही नाही.

त्यात कोऱ्या पत्र्यांवर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकची निळी फिल्म असते. मी ज्या घरातून आलो तिथे टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक रिमोट मेल्यावरच निघालं. सोफ्याचं तर पाहुण्यांसाठीही निघत नसे. अशा संस्कारांत वाढलेल्या हातांनी कोरा करकरीत, आरशासारखा पत्रा पहिल्याच दिवशी उघडा करायचा! न काढावी तर कडेची फिल्म रिव्हेटखाली दबते आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तिथून निळी जीभ दाखवत राहते. शेवटी मी कडेने दोन बोटं फिल्म सोलली आणि मधली ठेवली. बायको म्हणाली, "झालं. आता बैठकीच्या खोलीत शोभेल."

मला गुरू दोन. एक शेजारचे आजोबा, उमेदीत विमानांच्या कारखान्यात होते. दुसरे माझे मामा, एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बॉडीवर काम करून निवृत्त झाले. सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करण्यात ज्यांची हयात गेली, ते मामा रविवारी व्हिडिओ कॉलवर हजर असतात. दोघांच्या शिकवण्यात जमीनअस्मानाचं अंतर. पत्र्यावर मी पेन्सिलीने रेघ मारायला घेतली, तर आजोबा खाकरले आणि म्हणाले, "मी असतो तर कदाचित तसं केलं नसतं." इंग्रज माणूस 'कदाचित' म्हणाला की हातातलं काम तत्काळ टाकावं, हे मी इथे राहून शिकलोय. पेन्सिलीत ग्राफाइट असतं, ते आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की पत्रा रेघेवरूनच खाल्ला जातो, म्हणून विमानवाले मार्कर वापरतात. हे सगळं त्यांनी दोन कप चहात सांगितलं. मामांची पद्धत वेगळी. "कडेकडेनं काय भोकं पाडतोयस गाढवा? मधनं सुरू कर, बाहेर जा. नाहीतर पत्रा पोट काढतो."

पोट काढतो म्हणजे खरंच काढतो. दोन्ही टोकं आधी पक्की केली की मधला फुगवटा जायचा कुठे? मग त्यावर नुसतं बोट टेकलं तरी तो 'टॉक्' करून आत जातो, बोट काढलं की 'टॉक्' करून बाहेर.

भोकांचंही शास्त्र आहे. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ३.३ चं भोक. दोन रिव्हेटांत ५० मिलिमीटर. कागदावर किती सुबक! पण कुठल्याही पत्र्याची लांबी ५० ने भागून पाहा, शेवटी ३७ उरतात. मग मी सगळी अंतरं थोडी थोडी बदलून ते ३७ वाटून टाकतो. यात माझा दुपारपर्यंतचा वेळ जातो आणि ती जागा पुढे मडगार्डखाली झाकली जाते. गोल नळीवर आधी पंचने खळगी न पाडता ड्रिलचं बिट टेकवलं की ते घसरून पत्र्यावर नक्षी काढतं. रिव्हेट चुकीचं बसलं तर ड्रिलने काढावं लागतं, तेव्हा ते बिटाबरोबर जागच्या जागी गरगर फिरतं आणि निघत नाही. निघालंच तर उरलेलं शेपूट नळीच्या आत पडतं. आता गाडी हलवली की पुढच्या उजव्या नळीतून खुळखुळ ऐकू येते. भुकटी तर घरभर. ॲल्युमिनियमचे चकाकते कीस वॉशिंग मशीनमध्ये सापडल्यापासून माझे मोजे वेगळे धुतले जातात.

या सगळ्यात देवासारखी वस्तू म्हणजे क्लेको. स्प्रिंगची बोटभर पिन, चिमट्याने भोकात सोडायची, पत्रा घट्ट धरते, हवी तेव्हा काढायची. पक्कं दिसतं पण पक्कं नाही! माझ्यासाठीच बनवलेली. तांब्याच्या रंगाच्या पिना लावून गाडी सगळ्या बाजूंनी साळिंदर झाली आणि तशीच राहिली. मी संध्याकाळी जाऊन बघून यायचो. आजोबा म्हणाले, "फार सुंदर. याच तुम्ही ठेवणार आहात का?"

मग करावंच लागलं, कारण बायकोने तारीख ठरवली. पत्रा आणि लोखंडाच्या मध्ये सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लगदा, लागतो. दोन धातू पाण्यात थेट भेटले की गंजण्याचा मान ॲल्युमिनियमकडे जातो, शिवाय खडखडाट वेगळा. सीलंट काळा, आणि एकदा लावला की त्याच्यावर साय धरायच्या आत पत्रा बसायला हवा. गॅरेजमध्ये कडाक्याची थंडी, म्हणून हीटर. हीटरमुळे साय आणखी लवकर. पत्र्याचं एक टोक बायकोच्या हातात, दुसरं माझ्या. माझे दोन्ही हात काळे, तिच्या नव्या जॅकेटची एक बाही काळी, आणि नेमका तेव्हा मामांचा कॉल. फोन तिने कोपराने उचलला आणि खिडकीत टेकवला.

"मधनं!" फोन ओरडला.

मधून. टक्. टक्. टक्. गन दाबून तळहाताला फोड आला, पण पत्र्याने पोट काढलं नाही. हिंदकळणारा पिंजरा एकेका रिव्हेटनिशी खरोखर ताठ होत गेला. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हाताने रेटून पाहिलं तर गॅरेजच हलेल असं वाटलं.

अजून तपासणी व्हायची आहे. रस्त्यावर आणण्यापूर्वी सरकारी तपासनीस बाहेरच्या कडा बघतो : अंगाला लागू शकणारी कड किमान २.५ मिलिमीटर गोलाईची हवी. त्यामुळे पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लावणं सुरू आहे. मामांना फोन हातात धरून सगळी गाडी फिरवून दाखवली. त्यांनी प्रत्येक ओळ एक डोळा मिटून बघितली, दोन रिव्हेटांवर बोट ठेवलं (स्क्रीनवर, पण मला बरोबर कळलं कुठली), आणि म्हणाले, "बाकी ठीक. टप कुठाय?"

"टप नाही मामा. ही उघडीच असते."

"पावसाचं काय?"

"भिजायचं."

"हं," मामा म्हणाले. "मग तेवढी रिबिटं वाचली."