छाया पावसाची की डोंगराची?

नमस्कार. ‘पर्जन्यछाया’ म्हणजे डोंगरामागचा कमी पावसाचा प्रदेश. या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “हा ‘रेन शॅडो’चा शब्दशः तर्जुमा आहे. वृक्षच्छाया वृक्षाची, मग ही छाया पावसाची झाली. प्रत्यक्षात आडोसा असतो डोंगराचा. ऋग्वेदाचा टिळा लावून उसना शब्द कुलीन होत नाही. निदान संधी तरी नीट करायचा. त्यापेक्षा ‘डोंगरआड’ काय वाईट?”

संधीचं कबूल. पाणिनीच्या ‘छे च’ या सूत्राप्रमाणे ऱ्हस्व स्वरापुढे ‘छ’ आला की मध्ये ‘च्’ येतो, म्हणून ‘पर्जन्यच्छाया’ हवं. मराठीत ‘छत्रछाया’ सर्रास चालते, तिथे कुणी लाल पेन काढत नाही, ते असो.

‘टिळा’ मात्र झोंबला. पर्जन्य ऋग्वेदात आहे, पाचव्या मंडलातलं ८३वं सूक्त त्याचंच, एवढंच मी लिहिलं होतं. अख्खा जोडशब्द वैदिक आहे असं मी कुठं म्हटलंय, ते वाक्य दाखवा. न म्हटलेलं तोंडात घालायचं आणि वर कुलशील काढायचं, ही कुठली रीत?

आता ती छाया. अहो, भूकलाडू भुकेचा केलेला नसतो, भुकेवरचा असतो. तशी ही पावसाच्या बाबतीतली छाया. पाडतो डोंगरच. घाटमाथ्यावर पाऊस सांडलेली हवा पूर्वेकडे उतरताना दाबली जाते, किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी तापते, ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, सातारा जिल्ह्यातच, आमचा माण तालुका, तिथे जेमतेम ५००.

हो, आमचा. मी दहिवडीकडचा. आषाढात दोरीवरचं धोतर फाटेल असा वारा सुटायचा, ढग डोक्यावरून पळत जायचे आणि अंगणातली धूळसुद्धा बसायची नाही. १९७२ला वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आई सुकडी पदरात बांधून आणायची. तेव्हा छाया कुणाची, हे मला तुम्ही समास सोडवून शिकवू नका.

तर्जुम्याचं म्हणाल, तर असेलही तर्जुमा. जर्मन लोकसुद्धा ‘रेगेनशाटन’ म्हणतात, म्हणजे पावसाची सावलीच. त्यांनाही कळवा.

राहता राहिलं ‘डोंगरआड’. खुशाल वापरा. आमच्याकडे आड म्हणजे विहीर, आणि शिमग्यानंतर तिच्यात पोहरा नुसता खडखडतो.