बेकरी हलली, मोठी झाली आणि माझ्या आईला टेबल मिळालं

परवा भिशीला बसलो असताना ऑरलँडोचा विषय निघाला आणि एक मैत्रीण म्हणाली, "एपकॉटच्या फ्रान्समधली बेकरी आता पूर्वीसारखी राहिली नाही गं. ती जुनी छोटीशी किती गोड होती!" चार जणींनी माना डोलावल्या. मी तिथे गप्प बसले, पण घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाचं पार्क आहे, १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलेलं. त्यात एका तळ्याभोवती अकरा देशांची छोटी छोटी गावं वसवली आहेत आणि फ्रान्स त्यात अगदी पहिल्या दिवसापासून आहे. तिथल्या एका बोळात 'बुलांजरी पातिसरी' नावाची इवलीशी बेकरी होती. जानेवारी २०१३ मध्ये ती त्याच फ्रान्समध्ये मागच्या बाजूला, तिथल्या थिएटरातला सिनेमा संपल्यावर लोक बाहेर पडतात तिथे, मोठ्या जागेत गेली. नाव झालं 'ले आल'. जुन्या जागी त्याच वर्षी आइस्क्रीमचं दुकान आलं. तेव्हापासून लोकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, बरं झालं, आत शिरता तरी येतं. दुसरा म्हणतो, पॅरिसच्या गल्लीतलं दुकान गेलं आणि कँटीन आलं.

जुन्या बेकरीसाठी हळहळणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. २००९ मध्ये आम्ही दोघं अटलांटाहून गाडी हाकत गेलो होतो, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या बोळात शिरलं की लोण्याचा वास आधी यायचा आणि दुकान नंतर दिसायचं. कागदी पिशवीत क्रीम भरलेले दोन एक्लेअर घेतले आणि कारंज्याच्या कठड्यावर बसून खाल्ले. त्या वयात खुर्ची लागते कुणाला? आजही मी त्या बाजूने गेले की पाय आपोआप बोळाकडे वळतात.

पण २०१४ मध्ये आई-बाबा आले. बाबांना तळ्याभोवतीचा तो जवळजवळ दोन किलोमीटरचा फेरा मानवला, पण आईचे गुडघे फ्रान्स येईपर्यंत बोलायला लागले होते. शिवाय आईला अंडं चालत नाही. सकाळपासून तिचं खाणं म्हणजे बटाट्याच्या काचऱ्या आणि घरून आणलेल्या दशम्या. बेकरीत नेऊन काय उपयोग, असंच मला वाटत होतं. केकमध्ये अंडं, एक्लेअरमध्ये अंडं, क्रोसाँवरही चकाकीसाठी बहुतेकदा अंड्याचा हात फिरवलेला असतो.

काउंटरवर एक तरुण फ्रेंच मुलगी होती. तिथे काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांचं गाव लिहिलेलं असतं, तिच्यावर लियाँ होतं. मी आईची अडचण सांगितल्यावर तिने लांबलचक बगेत पाव पुढे केला. यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, बाकी काही नाही, म्हणाली. आणि ते खरंच तसं असतं. फ्रान्समध्ये १९९३ च्या नियमाप्रमाणे 'पारंपरिक फ्रेंच' म्हणून विकायच्या पावात कसलीही रासायनिक भर घालता येत नाही, तो पाव आधी गोठवूनही ठेवता येत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोने बगेत बनवण्याच्या कसबाला आणि त्याभोवतीच्या संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते उगीच नाही.

आम्ही आत टेबलाशी बसलो. आईने पावाचा तुकडा मोडला, त्याला लोणी फासलं आणि सरळ कॉफीत बुडवला. मी घाईने इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात तीच मुलगी टेबलं आवरायला आली होती. ती हसून म्हणाली, "माझी आजी रोज सकाळी असंच खाते." मी ते आईला मराठीत सांगितलं, तर आई म्हणाली, "मग बरोबर आहे. पाव कोरडा खायचा असतो का?" त्या दिवशी तिने अर्धा बगेत संपवला.

हे जुन्या दुकानात घडणं अवघड होतं. पाव कॉफीत बुडवायचा तर कप ठेवायला जागा हवी, दोन्ही हात मोकळे हवेत आणि कुणाची घाई नको. फ्रान्समधल्या रोजच्या पावाचा हा अर्धा भाग आहे आणि तो मोठ्या जागेतच मावला. जुन्या बेकरीच्या आठवणी सांगणारे बहुतेक जण तेव्हा पंचविशीतले होते, त्यांच्यासोबत ना काठी होती, ना बाबागाडी, ना व्हीलचेअर. दाराबाहेरून बघून पुढे गेलेल्यांना ती बेकरी गोड वाटली असेल का, हे कुणी विचारत नाही. मला ते फार लागतं.

नावाचीही एक गोष्ट आहे. 'ले आल' हा पॅरिसचा जुना मध्यवर्ती बाजार. एकोणिसाव्या शतकात बाल्तार या वास्तुकाराने तिथे लोखंड आणि काचेचे भव्य मंडप उभारले होते. १९६९ मध्ये बाजार शहराबाहेर रँजीला हलवला आणि पुढच्या दोनच वर्षांत मंडप पाडायला सुरुवात झाली. एक मंडप तेवढा नोजाँ-सुर-मार्नला नेऊन उभा केला, तो अजून आहे. पॅरिसमध्ये त्याची हळहळ आजही संपलेली नाही. एपकॉटच्या बेकरीत बसलात तर जरा वर बघा, तिथल्या लोखंडी छतात त्याच बाजाराची आठवण आहे. पॅरिसमध्ये गेलं ते मोठं होतं, एपकॉटमध्ये गेला तो एक बोळातला कोपरा. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

तक्रारी खऱ्याही आहेत. दुपारी आत गलका असतो, किमती पार्कातल्या आहेत आणि तो बाहेरूनच बोलावणारा वास आता मागे जाईपर्यंत येत नाही. वासाचं मलाही वाईट वाटतं.

आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर दुपारच्या गर्दीच्या आधी जा. त्यांना आधी टेबलाशी बसवा, मगच रांगेत उभे राहा. शाकाहारी असाल तर मूस घेण्याआधी त्यात जिलेटिन (ते प्राण्यांपासून बनतं) आहे का विचारा, नीट सांगतात. नेपोलियन, म्हणजे पापुद्रे आणि क्रीमचे थर असलेला गोड पदार्थ, दोघांत एक पुरतो. आणि बगेतबरोबर लोणी जास्तीचं मागून घ्या, आम्हाला दोनदा उठावं लागलं होतं.