हाड किती आणि हाड कसं: घणसोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार घणसोलीकर,

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला तीन दिवस घेतले, कारण ती रागाने लिहिलेली असली तरी तिच्यातले मुद्दे खरे आहेत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की 'जबड्याचं हाड मऊ आहे' असं सांगून दाताचे डॉक्टर पेशंटला घाबरवतात आणि हाडाच्या घनतेवरच्या माझ्या लेखाने त्याला हातभार लावला. तुमच्या आईंची वरची मागची दाढ आठ वर्षांपूर्वी काढली होती. तिथे इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात घालायचा स्क्रू) बसवायचं तर आधी ग्राफ्ट (हाडाची भर) आणि शिवाय सहा महिने थांबा, असं त्यांना सांगितलं गेलं. तुमच्या भावाला मात्र खालच्या जबड्यात पुढे चार इम्प्लांट घालून चौथ्या दिवशी दात मिळाले. आई वर्षातून एकदा सलाइनमधून हाडांचं इंजेक्शन घेतात, स्कॅनमध्ये घनतेचा आकडा 420 आला, माझ्याच लेखातल्या तक्त्यात तो मध्यम ठरतो, मग हाड मऊ कसं?

आधी माझी चूक. तो तक्ता दंतवैद्य कार्ल मिश यांच्या वर्गीकरणातला आहे: 1250 च्या वर डी-1 म्हणजे सगळ्यात दाट हाड, मग 850 पर्यंत डी-2, 350 पर्यंत डी-3 आणि त्याखाली डी-4 म्हणजे मऊ. हे आकडे हॉस्पिटलातल्या मोठ्या सीटी मशीनचे. दातांसाठी आपण सीबीसीटी, म्हणजे जबड्यापुरता छोटा सीटी स्कॅन, काढतो. त्यातला राखाडी छटेचा आकडा मशीनप्रमाणे बदलतो, एकाच मशीनवर डोकं कसं ठेवलं त्यानेही बदलतो. हे मी लेखात लिहायला हवं होतं, ते राहिलं. हाडाची उंची आणि रुंदी मोजायला सीबीसीटी उत्तम आहे, पण त्यातला 420 माझ्या तक्त्याशी लावून पाहता येत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आई आणि भाऊ. दोघांत एवढा फरक का, याचं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे: एक वरची मागची दाढ, दुसरे खालचे पुढचे दात. जबड्याचं हाड सगळीकडे सारखं नसतं. बाहेर घट्ट कवच आणि आत जाळी, अशी त्याची रचना. खाली पुढच्या बाजूला कवच जाड आणि जाळी दाट असते, कडक ब्रून पावासारखी. वर मागे कवच पापुद्र्याएवढं आणि आत मोकळी जाळी, म्हणजे लादीपाव. मी हे स्कॅनवर पाहण्याआधी हाताला ओळखते. खाली पुढे ड्रिल दाबावं लागतं, वर मागे ते भसकन आत जातं. एकच स्क्रू सागवानात आणि भुसभुशीत फळीत घालून पाहा, पकड सारखी बसणार नाही. शिवाय भावाचे चारही इम्प्लांट त्यांच्यावर बसवलेल्या दातांनी एकमेकांना जोडलेले असणार, त्यामुळे भार वाटला जातो. आईंचा एकटा इम्प्लांट दाढेच्या जागी सगळा दाब सोसणार.

ग्राफ्ट आणि सहा महिने या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत, आणि त्या तुम्हाला वेगळ्या करून कुणी सांगितल्या नाहीत, इथे तुमचा राग रास्त आहे. ग्राफ्ट 'हाड किती आहे' यासाठी. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. दाढ गेली की ती हळूहळू खाली उतरते आणि खालून हाडही झिजत जातं. आठ वर्षांत उंची पुरेशी उरली नाही, तर ती वाढवावी लागते. ही उंची मिलिमीटरमध्ये मोजता येते आणि स्कॅनवर तुम्हाला बोट ठेवून दाखवता येते. तसं दाखवल्याशिवाय ग्राफ्टला होकार देऊ नका.

थांबण्याचं कारण 'हाड कसं आहे' यात आहे. इम्प्लांट घातल्या दिवशी त्याला धरून ठेवते ती नुसती स्क्रूची पकड. पुढच्या काही आठवड्यांत आजूबाजूचं जुनं हाड शरीर विरघळवतं आणि नवीन घालतं. या मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, पकड आधीपेक्षा ढिली होते. हाड दाट असेल तर मुळातली पकड एवढी असते की ही घट निभावून जाते. मोकळ्या जाळीत तेवढी शिल्लक नसते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये माणसात पहिलं टायटॅनियमचं इम्प्लांट बसवलं. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला तीन आणि वरच्याला सहा महिने थांबायचा नियम होता. आता इम्प्लांटचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी हा काळ कमी झाला आहे. ग्राफ्ट केलेल्या मऊ जागेत मी स्वतः आजही घाई करत नाही.

आणि कडक हाड म्हणजे चांगलंच, असंही समजू नका. फार घट्ट हाडात रक्तपुरवठा कमी असतो आणि ड्रिलने ते तापतं. 47 अंशांवर एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते, म्हणून थंड सलाइनची धार सोडत, थांबत थांबत काम करावं लागतं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटली ते. तुम्ही इंजेक्शनचा उल्लेख हाड मजबूत असल्याचा पुरावा म्हणून केलात. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते बहुतेक झोलेड्रॉनिक ॲसिड असतं. खुब्याचं आणि मणक्याचं फ्रॅक्चर टाळायला ते फार मोलाचं औषध आहे. पण ते काम करतं हाड विरघळवणाऱ्या पेशींना रोखून, आणि वर सांगितलेल्या अदलाबदलीला त्याच पेशी लागतात. क्वचित अशा पेशंटमध्ये दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं. ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या) डोसला हा धोका लहान आहे; कॅन्सरसाठी मोठे, वारंवार डोस घेणाऱ्यांत जास्त. म्हणजे आईंना इम्प्लांट करताच येणार नाही असं नाही. पण तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं की दाताच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन माहीतच नाही.

ते आपल्या मनाने बंद करू नका. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे बंद करून जबड्याला लगेच फायदा होत नाही, आणि इकडे फ्रॅक्चरचा धोका वाढतो. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे याहून पुढे इथे सांगणं बरोबर होणार नाही. इंजेक्शनचं नाव, ते किती वर्षं चालू आहे आणि शेवटचं कधी घेतलं, हे एका कागदावर लिहून दाताच्या आणि हाडांच्या, दोन्ही डॉक्टरांना द्या. त्यांचं एकमेकांशी बोलणं होईपर्यंत ग्राफ्टची तारीख घेऊ नका.