वाद्य नगराचं, वादकही नगराचा

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हापासून गावाकडच्या माझ्या मंडळींत नाट्यगृहांची चर्चा थांबलेली नाही. त्याआधी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा वाद होताच: पाडून नवं बांधायचं की आहे तेच राखायचं. दोन्ही वास्तू महापालिकांच्या, दोन्हींना संगीत नाटकातल्या थोर गायकनटांची नावं. मी हे सगळं नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात बसून वाचते आणि दर वेळी तीच उणीव खटकते. भिंती, खुर्च्या, पार्किंग यांवर हिरिरीने बोललं जातं. त्या रंगमंचावर वाजणारा सूर कोणी सांभाळायचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

हार्लेमने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. इथल्या बाजारचौकात सिंट बाव्होचं जुनं चर्च आहे आणि त्याच्या पश्चिम टोकाला छताला भिडणारा पाइप ऑर्गन. १५७८ मध्ये हे चर्च कॅथलिकांकडून प्रॉटेस्टंटांकडे गेलं. नव्या पंथाच्या कडव्या धर्मगुरूंना ऑर्गन नको होता. देवाचं वचन ऐकायला यायचं तर कानांना गुंतवणारी वाद्यं कशाला, अशी त्यांची भूमिका, आणि डॉर्ड्रेख्टच्या धर्मसभांनीही उपासनेतल्या ऑर्गनवादनाविरुद्ध कौल दिला. पण अनेक शहरांत हे ऑर्गन नगराच्या मालकीचे होते. नगरांनी ते मोडले नाहीत. वादकाचा पगार नगराच्या तिजोरीतूनच निघत राहिला. उपासनेच्या वेळी गप्प राहायचं आणि एरवी गावाला ऐकवायचं, असं त्याचं काम ठरलं. वाद मात्र पुढे कित्येक वर्षं चालला. कॉन्स्टंटाइन हॉयखन्स या कवी-मुत्सद्द्याने १६४१ मध्ये उपासनेत ऑर्गन असावा म्हणून पुस्तिका लिहिली, तीवरही टीका झाली.

अशा नगराने १७३५ मध्ये क्रिस्टियान म्यूलर या कारागिराला नवा ऑर्गन घडवायला सांगितलं. १७३८ मध्ये तो पुरा झाला. हातांसाठी तीन स्वरपट्ट्या, पायांसाठी एक, साठेक स्टॉप म्हणजे वेगवेगळ्या नादाच्या नळ्यांचे संच, आणि नळ्या एकूण पाच हजारांच्या आसपास. बहुतेक कथील-शिशाच्या मिश्रणाच्या. सगळ्यांत लांब नळ्या जवळपास दहा मीटरच्या. त्यांचा खर्ज कानांआधी तळपायांना कळतो. वीज येण्यापूर्वी भाते तुडवायला माणसं लागत. १७६६ मध्ये दहा वर्षांच्या मोझार्टने तो वाजवला. आजही ऑर्गन नगराच्या मालकीचा आहे, आणि ‘नगर-ऑर्गनवादक’ हे पद अजून भरलं जातं. चर्चला कधी न जाणारे माझे शेजारी उन्हाळ्यात त्याच्या मैफिलीला जातात. तो त्यांचा आहे, म्हणून.

आता आपल्याकडचा ऑर्गन. तो नळ्यांचा नव्हे, पायाने भाता चालवायचा, पितळी पात्यांचा. पण गंधर्व नाटक मंडळीत सारंगी आणि थिरकवाखाँसाहेबांच्या तबल्याच्या जोडीने त्याने जो भरणा दिला, त्यावर नाट्यसंगीताच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. त्याच्या छोट्या भावंडाला, पेटीला, आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली. तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे आक्षेप होते. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप पोकळ नव्हते. तरी त्या काळात पेटी मेली नाही, आणि इथेच मला आपलं बळ दिसतं. भजनी मंडळांनी ती सोडली नाही. कोकणात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याला, बसलेला बुवा गाता गाता स्वतः पेटी वाजवतो, त्याला कुठल्या नगरपालिकेच्या ठरावाची गरज पडली नाही. हार्लेममध्ये ऐकणारे भरपूर आहेत, पण घरोघरी वाजवणारे हात नाहीत. या देशात चर्च ओस पडून बंद होतात, तेव्हा त्यांतले ऑर्गन मुके होतात, परदेशी विकलेही जातात. मालकी नगराची असली की सगळं नीट होतं असंही नाही. म्यूलरच्या ऑर्गनची १९५९ ते १९६१ मध्ये मार्कुसेन या डॅनिश संस्थेने मोठी दुरुस्ती केली. तिच्यात मूळचा नाद किती बदलला, यावर जाणकार अजून हळहळतात.

पण पेटीला जे लाभलं ते नाटकाच्या ऑर्गनला लाभलं नाही. तो देवळात किंवा माजघरात मावत नाही; त्याला रंगमंच लागतो, दुरुस्त करणारा लागतो, दौऱ्यावर न्यायचा तर टेम्पो लागतो. म्हणून संगीत नाटकाच्या प्रयोगाला बहुधा कीबोर्ड येतो. कीबोर्ड आणणाऱ्या वादकाला मी दोष देत नाही, त्याला गाडीभाडं परवडायला हवं. दोष मी आपल्या चर्चेला देते. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभं राहिलं ते पु. ल. देशपांडे यांच्या कल्पनेतून, आणि पुलं स्वतः उत्तम पेटीवादक! त्यांच्या कल्पनेतल्या वास्तूचा वाद निव्वळ चौरस फुटांवर यावा, याचं मला दुःख होतं.

पाडा किंवा राखा, मागणी त्यापुढे जायला हवी. प्रत्येक महापालिकेने आपल्या मुख्य नाट्यगृहात एक चांगला पायऑर्गन स्वतःच्या मालकीचा ठेवावा, त्याच्या वार्षिक दुरुस्तीची तरतूद अर्थसंकल्पात करावी आणि एक वादक पगारावर नेमावा. त्याने नाट्यसंगीताच्या प्रयोगांना साथ करावी, दोन-चार शिष्य तयार करावेत आणि महिन्यातून एकदा गावाला नुसतं वाजवून दाखवावं. नाट्यगृहाच्या वातानुकूलनावर जो खर्च होतो त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. कोल्हापूरपासून सुरुवात व्हावी. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं हे नाट्यगृह पुन्हा उभं करायचं ठरलंच आहे, तर पहिल्या प्रयोगाआधी ऑर्गन आणि वादकाचं पद दोन्ही मंजूर झालेली असावीत.