सुप्याच्या पेठेत खरेदीस जाणाऱ्या कुणब्यास हिताच्या चार गोष्टी

मृग आठ दिवसांवर आला आहे, कणगीने तळ दाखवला आहे, जोडीतला एक बैल चैत्रातच दगावला आहे आणि मोटेचा नाडा आणखी एक हंगाम काढील असे त्याच्याकडे पाहून वाटत नाही. तेव्हा आपल्याला सुप्याच्या पेठेत जाणे भाग आहे, हे उघड आहे. साल 1873 आहे असे समजू. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील हे बाजाराचे गाव कुणब्याला लागेल ते सर्व पुरवण्यास समर्थ आहे: बाजरीचे बी, कुळवाच्या फासाचे लोखंड, बैलांच्या वेसणी, मीठ, तेल, तंबाखू, आणि रेल्वे 1860 साली सोलापुरापर्यंत पोहोचल्यापासून विलायती धोतरजोडेही. शिवाय या सुधारलेल्या काळात खरेदी इतकी सोपी झाली आहे, की कनवटीला दमडी नसलेला मनुष्यही तेथून गाडीभर माल घेऊन परततो. ही सोय पदरात पाडून घेण्याची रीत ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ भोळी माणसे नाहक रोखीने व्यवहार करून बसतात. त्यांच्यासाठी हा उपदेश आहे.

पहिली गोष्ट अशी, की घरून रोकड नेऊ नये. आपल्याजवळ चार रुपये असलेच, तर ते सरकारचे आहेत. जमिनीच्या साऱ्याची तीस वर्षांची जुनी मुदत संपल्यावर 1867 साली इंदापुरापासून नव्या आकारणीला आरंभ झाला, पुढे ती आपल्या तालुक्यातही आली, आणि कित्येक गावांचा सारा दीडपटीच्या पुढे गेला. जमीन तीच, विहीर तीच, पाऊस तर पूर्वीपेक्षाही बेभरवशाचा; परंतु कचेरीतील कागदांवरून आपण श्रीमंत झालो आहोत असे दिसते, आणि कागदाला खोटे पाडणे आपल्यासारख्या सभ्य माणसाला शोभत नाही. हप्त्याची तारीख पिकाला विचारून ठरवलेली नसते. म्हणून रोकड कचेरीत भरावी आणि पेठेत मोकळ्या हातांनी, मोकळ्या मनाने जावे.

दुकानाच्या पायरीवर वहाणा काढून उभे राहिलात, की आतून हाक येईल, "या, पाटील, या! बसा. पाऊसपाणी काय म्हणतंय?" आपण पाटील नाही, आपल्या सात पिढ्यांत कोणी पाटील नव्हता. तरीही ही हाक दुरुस्त करू नये. गावात आपल्याला या नावाने कोणी हाक मारीत नाही, आणि इथे ती फुकट मिळते आहे. त्या दुकानातील फुकट मिळणारी ती एकमेव जिन्नस असल्यामुळे ती मनसोक्त घ्यावी. पुढे केलेली तंबाखूची चिमूटही घ्यावी. ती मात्र खात्यावर पडते की नाही, हे पाहायला वही वाचता यावी लागते. आपल्याला ती येत नाही, म्हणून तो प्रश्नच मिटला.

आता माप. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक आपल्याला पाठ आहे, आणि ते खरेही आहे. परंतु पायली म्हणजे किती, हे कोष्टकात सांगितलेले नसते, ते हातात असते. बी देताना दुकानदार पायली भरतो, तेव्हा त्याचा अंगठा काठाच्या आत असतो आणि दुसरा तळहात मापावरून सपाट फिरतो, असा, की एक दाणाही काठाच्या वर राहू नये. हीच पायली सुगीत आपले धान्य घेताना बाहेर येते, तेव्हा अंगठा काठाबाहेर असतो, माप दोनदा जमिनीवर आपटून दाणे बसवलेले असतात, आणि वर अशी शीग लावलेली असते की ती घसरून खाली पडलेले दाणे गोळा करायला एक पोरगे ठेवावे लागते. हे पाहून जीभ चावावी, बोलू नये. बोललात, तर शेटजी दुखावतील आणि म्हणतील, "पाटील, इतक्या वर्षांचा घरोबा, आणि एका मुठीसाठी अविश्वास?" त्यावर आपल्याजवळ उत्तर नाही, कारण घरोबा खरा आहे आणि वर्षेही खरी आहेत.

बी सवाईने, म्हणजे सुगीला सव्वापट फेडण्याच्या बोलीवर, घ्यावे की दिढीने, म्हणजे दीडपट फेडण्याच्या, याचा विचार करण्यात वेळ घालवू नये. तो विचार आधीच झालेला असतो. त्यापेक्षा बियाची रुपयांत किंमत करून घ्यावी, ही अधिक सुधारलेली पद्धत आहे. तिचे सौंदर्य एका उदाहरणाने कळेल. समजा, ज्येष्ठात रुपयाला दहा शेर बाजरी आहे आणि आपण दहा पायल्या, म्हणजे चाळीस शेर, बी उचलले. वहीत चार रुपये लागले. सवाई धरून सुगीला पाच रुपये देणे झाले. सुगीत सर्वांचीच बाजरी एकदम बाजारात येते, कारण सर्वांनाच हप्ता भरायचा असतो, आणि भाव रुपयाला वीस शेरांवर उतरतो. पाच रुपये फेडायला आता शंभर शेर लागतात. चाळीस शेर नेले, शंभर शेर आणून घातले. आणि वहीत पाहाल तर व्याज अवघे एक रुपया दिसेल, ज्याबद्दल कोणीही समंजस माणूस तक्रार करणार नाही. उरलेली तफावत बाजारभावाची आहे, आणि बाजारभाव परमेश्वराधीन असतो. तो दर वर्षी ज्येष्ठात वर आणि मार्गशीर्षात खालीच का असतो, हा प्रश्न परमेश्वराला विचारावा.

बैलाची खरेदी मात्र तोंडी होत नाही. तिला कागद लागतो. समजा, बैल 50 रुपयांना ठरला. कागदावर 50 लिहिले जातील, हातात 45 पडतील, कारण पाच रुपये मनोती म्हणून आधीच कापून घ्यायचे असतात. आपण कर्ज मागितल्यामुळे सावकाराच्या, म्हणजे त्याच शेटजींच्या, मनाला जो त्रास झाला, त्याची ती भरपाई होय. उरलेले पाच रुपये उभे करण्यासाठी बायकोच्या अंगावरची एखादी जिन्नस असतेच. मग मुद्रांकाच्या कागदावर लेखक भराभर मजकूर लिहितो, तो वाचून दाखवतो किंवा दाखवीत नाही, आणि खाली बोट ठेवून म्हणतो, "इथं निशाणी करा." कुणब्याची निशाणी नांगराची. त्या तीन-चार रेघांचा इवलासा नांगर आपण मोठ्या काळजीने काढतो, रुमणे सुद्धा विसरत नाही, आणि लाकडाच्या नांगराने बापजन्मी जेवढी जमीन फिरवली नसेल, तेवढी तो शाईचा नांगर पुढे फिरवतो.

येथे सरकारच्या दयाळूपणाचे वर्णन केल्यावाचून पुढे जाता येत नाही. रोख्यावर वर्षानुवर्षे व्याज साचू नये म्हणून सरकारने 1859 साली मुदतीचा कायदा केला आणि कर्जरोख्याची फिर्याद तीन वर्षांच्या आत लावली पाहिजे असे ठरवले. हेतू असा, की रयत वाचावी. सावकाराने कायदा नीट वाचला, आणि तीन वर्षे भरत आली की तो आपल्याला आदराने बोलावून घेतो: जुने मुद्दल, त्यावरचे व्याज, दोहोंची बेरीज करून नवा रोखा, नवा मुद्रांक, नवा नांगर. दरमहा शेकडा दोन रुपयांनी त्या 50 रुपयांचे तीन वर्षांत 86 होतात. 86 हे मुद्दल धरले की सहाव्या वर्षी जवळजवळ 148, आणि नवव्या वर्षी 254 च्या पुढे. बैल तोवर मेलेला असतो. त्याचे कर्ज ऐन तारुण्यात असते. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असा, आणि तो याही हिशोबात कोठे मोडलेला नाही. प्रत्येक खेपेला व्याज मुद्दलाहून कमीच आहे. फक्त मुद्दल तेवढे दर खेपेला वेगळे आहे. व्याजाच्या दरावरचे कायदेशीर बंधनही सरकारने 1855 सालीच काढून टाकले, कारण दोन बरोबरीची माणसे खुशीने करार करीत असताना मध्ये पडणे त्याला योग्य वाटले नाही. बरोबरीच्या दोन माणसांपैकी एक आपण, हे वाचून आपली छाती भरून यावी अशी अपेक्षा आहे.

फेड झाली नाही, तर मुनसफाच्या, म्हणजे दिवाणी न्यायाधीशाच्या, कोर्टाचे समन्स येईल. जाऊ नये. गेल्यास चार दिवसांची पेरणी बुडते, भाकरी बांधून कित्येक कोस चालावे लागते, वकील लागतो, आणि शेवटी मुनसफ एकच विचारतो: ही निशाणी तुझी का? नांगर ओळखू येतोच. न गेल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, निकाल तोच, पण वाटेतला खर्च वाचतो. काटकसर ही शेतकऱ्याला मोठी गरजेची आहे.

एक सूचना वयस्क वाचकांसाठी. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांना पोहोचत नव्हता, आणि दख्खनेत कापसाच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळत होती. तेव्हा दुकानदार आपल्या दारी येत होता. ते दिवस आठवून त्याच थाटात आज कर्ज मागायला जाऊ नये. युद्ध संपले, भाव पडला, आणि ज्या मुंबईच्या व्यापाऱ्याने आपल्या शेटजींना पैसे दिले होते त्याने हात आखडता घेतला. शेटजींच्या मागेही एक शेटजी असतो, ही गोष्ट आपण नेहमी विसरतो. तेही बिचारे कोणाच्या तरी पायरीवर वहाणा काढतात. फक्त त्यांना वाचता येते.

पुढच्या दोन वर्षांत जे घडणार आहे, त्यात सामील होऊ नये म्हणून आधीच सावध करून ठेवतो. 12 मे 1875 रोजी याच सुप्यात भोवतालच्या खेड्यांतील लोक जमतील आणि अत्यंत असभ्यपणे, काहीही विकत न घेता, दुकानांत शिरतील. धान्य लुटले जाईल, क्वचित घरही पेटेल. पण त्यांची खरी मागणी धान्याची नसेल. ते वह्या आणि रोखे मागतील, आणि मिळाले की चव्हाट्यावर जाळतील. ज्या दुकानदाराने कागद मुकाट्याने काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावणार नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हाच प्रकार होईल, पलटण येईल, शेकडो लोक पकडले जातील, आणि सरकार एक मंडळ नेमून शेतकरी इतका का रागावला याचा शोध करील. या अडाणी गर्दीने, मला वाटते, पेठेतील मालाची पारख मात्र आपल्यापेक्षा चांगली केली: कोणत्या दुकानात खरोखर काय विकले जाते, हे तिला बरोबर कळले होते.

त्या चौकशीचे फळ म्हणून 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा होईल. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येईल, कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकता येणार नाही, आणि खत गावच्या निबंधकासमोर करावे लागेल. तोवर आपला मुलगा खरेदीला जाऊ लागलेला असेल. त्याला पुढील दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात.

नव्या कायद्यानंतर शेटजी कर्ज द्यायला कुरकुरतील आणि म्हणतील, "गहाणखताची कटकट नको, पाटील, कोर्ट उगीच खोलात जातं. आपण खुशखरेदीचं खत करू. जमीन कागदावर माझी, कसायला तुम्हीच. पैसे फिटले की परत." हे ऐकून मुलाने घाबरू नये. जमीन तिथेच राहते, बांध हलत नाही, फक्त पीक काढून झाल्यावर अर्धे कोणाच्या अंगणात टाकायचे ते बदलते. आणि "पैसे फिटले की परत" हे शब्द कागदात शोधू नयेत, ते शेटजींच्या तोंडी आहेत आणि तोंड शेटजींचे आहे.

दुसरी गोष्ट पावतीची. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि सालोसाल खात्याचा उतारा मागण्याचा हक्क या कायद्याने कुणब्याला दिला आहे. तो हक्क मुलाने अवश्य बजावावा. संकोच करू नये, आवाज चढवूनही मागावे. मात्र मागण्यापूर्वी यंदाच्या मृगाचे बी उचलून, गाडीत घालून, गाडी वेशीबाहेर काढलेली असावी.