बाळंतिणीच्या दारात कोणीतरी बसा

आज नणंदेच्या मुलीला बघायला गेले होते. सिझर होऊन नऊ दिवस झालेत. टू बीएचके फ्लॅट, आत-बाहेर मिळून अकरा माणसं. मी मोजली. ती पलंगाच्या कडेला टाक्यांवर हात धरून बसली होती, कारण मोठी माणसं आल्यावर झोपून कसं राहायचं. कोणीतरी तिच्या मांडीवरचं झोपलेलं बाळ उचललं. रस्त्यावरून आलेले हात धुवायचे कोणाला सुचलं नाही. गालाची पापी घेतली, बाळ दचकून रडायला लागलं, आणि लगेच निकाल लागला: "दूध पुरत नाहीये गं हिचं. वरचं चालू कर."

मी तिच्याजवळ बसले तर कानात म्हणाली, "मामी, मला फक्त सलग दोन तास झोपायचंय."

घरी आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. एका वाक्यात त्या पोरीच्या आईपणावर शेरा मारून ही माणसं पेढे खाऊन निघून गेली. रात्री तीन वाजता बाळ किंचाळेल तेव्हा तिच्या डोक्यात तेच वाक्य फिरणार आहे. मला माहीत आहे, कारण माझ्या डोक्यात ते फिरलंय.

माझंही सिझरच होतं. पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी आले आणि त्याच संध्याकाळी हॉल भरला. मी आतल्या खोलीत, छाती दगडासारखी, बाळाला नीट धरता येईना, आणि दारातून एकेक डोकं आत येऊन सल्ला देऊन जात होतं. तेव्हा माझी आजी उठली. सातारकडची, शाळा दुसरीपर्यंत. तिनं पाट घेतला, माझ्या खोलीच्या दारात आडवा टाकला आणि अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसली. येईल त्याला एकच सांगायची: "बाळ झोपलंय, पोरगी बी झोपलीया. च्या घ्या आन् घरला जावा."

मी त्या दिवशी साडेतीन तास झोपले. बाळ उठलं की तीच आणून छातीशी लावून द्यायची, झालं की घेऊन जायची. दोन दिवसांत दूध असं उतरलं की कपडे भिजायला लागले.

माणसांना एवढी साधी गोष्ट का कळत नाही? पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जेमतेम चमचाभर मावतं. म्हणून आधी चीक येतो, थोडाच येतो, तेवढाच पुरतो. सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजायचं असतं, म्हणजे बाळ सारखं मागणारच. आठवडाभराचं बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करतंय, वजन धरतंय, म्हणजे त्याला पुरतंय. आणि वरचं दूध उगाच चालू केलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध आणखी कमी होतं. मग तेच लोक म्हणणार, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं!

हो, काही बायकांना खरंच दूध कमी येतं आणि वरचं द्यावं लागतं. ते डॉक्टर वजन बघून ठरवतील. पेढा खाता खाता ठरवायची ती गोष्ट नाही.

आपल्याकडे पूर्वी दहा दिवस सोयर पाळायचे. बाळंतिणीला कोपऱ्यातली खोली, कोणी शिवायचं नाही. त्यातला विटाळ वाईटच होता, गेला ते उत्तम झालं. पण त्या खोलीत तिला निजायला मिळायचं हो! आपण विटाळ टाकला आणि त्याच्याबरोबर तिची नीजही टाकून दिली. राहिलं काय? पाणी कमी पी, खिडकी उघडू नको, बाळाला धुरी दे, काजळ घाल. जे जायला हवं होतं ते नेमकं टिकलं.

माझी आजीही पाणी घोटघोटच द्यायची आणि खिडकी लावून घ्यायची. ते चूकच होतं, पाजणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढं पाणी हवं. आई गुपचूप तांब्या आणून ठेवायची. पण दारातला तो पाट मी आयुष्यभर विसरणार नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आधी हात धुते, बाळाचं वजन करते, ताप बघते, आईला अंगावरून किती जातंय ते विचारते. बाळंतिणीकडे जायचं ते असं. आपण शहरातली शिकलेली माणसं फोटो काढायला जातो.

आणि बाप? कायद्यानं नोकरदार आईला २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, खासगीत कंपनीची मर्जी. माझा नवरा सहाव्या दिवशी कामावर गेला होता, डोळे लाल करून. त्याचा राग नाही. पण आजची रजा असलेली पोरंसुद्धा पाहुण्यांना कोल्ड्रिंक देत फिरतात तेव्हा वाटतं, अरे, दारात बस ना बाबा. बायकोसाठी एवढा एक वाईटपणा घे.

लोक प्रेमानं येतात, मान्य. आजची अकराही माणसं प्रेमानंच आली होती. त्यांत मीही होते.

बाळंतपणानंतर सुरुवातीला रडू येतंच. पण दोन आठवडे उलटूनही तिचं रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर "सगळ्यांना होतं" म्हणून सोडू नका. डॉक्टरकडे न्या. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मी आत्ताच तिच्या सासूबाईंना फोन केला. भीत भीत केला, पण त्या म्हणाल्या, "या हो, मलाही नाही म्हणवत नाही कोणाला." उद्या सकाळी दहाला जातेय. मुगाची खिचडी, मेथीची भाजी, आळिवाचे लाडू नेणार, लंगोट धुऊन वाळत घालणार आणि तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसणार. बाळ बघायचं असेल त्यांनी बारशाला या, सव्वा महिन्यानंतर आहे. उद्या आलात तर चहा मी करीन.